बाही लांब झाली

शेलूबाजारहून फोन आला तेव्हा आसेगावच्या अंगणवाडीत मी एका रडक्या बाळाला वजनकाट्यावर बसवत होते. कौसल्याकाकू गेल्या. सकाळी चहा घेतला, शिलाई मशीनला तेल दिलं आणि तिथंच… मला आधी रागच आला. माझ्या लेकीचा नववीचा ड्रेस बेतायचा होता आणि ही बाई न सांगता निघून गेली! आता महिना होत आला. राग उतरलाय, आणि काकू आठवल्या की रडण्याच्या आधी हसू येतं.

काकू बायकांचे ब्लाउज आणि शाळेचे गणवेश शिवायच्या. तोंडात टाचण्या धरूनही त्यांचं बोलणं अख्ख्या दुकानाला ऐकू जायचं. माझी गौरी पहिलीत गेली तेव्हा सगळ्या वर्गाचे ड्रेस त्यांनीच शिवले, वयाच्या अंदाजानं, माप न घेता. गौरीला एक दुर्मिळ जनुकीय सिंड्रोम आहे. धड वाढतं, हातपाय मात्र आखूड राहतात. डोकं इतकं तल्लख की आमचंच काही चालत नाही! पहिल्या दिवशी बाह्या तिच्या बोटांखाली लोंबत होत्या. वर्ग हसला. दुसऱ्या दिवसापासून पोर शाळेचं नाव काढू देईना. आणि मी, गावभरच्या पोरांच्या वाढीचे तक्ते भरणारी, घरात हात टेकून बसले. तक्त्यावर तिचा ठिपका सगळ्या रेघांच्या खाली पडायचा, मी वही चटकन मिटायचे. ही पोर पुन्हा शाळेत जाईल की नाही, एवढाच घोर होता.

आठव्या दिवशी तिला जीपमध्ये घालून शेलूबाजार गाठलं. काकूंनी बाह्या पाहिल्या, टाचण्या काढून ठेवल्या आणि कपाळावर हात मारला.

"अवं, हे चूक मायी हाय. पोट्टी आखूड नाई, बाही लांब झाली!"

आठ दिवसांत गौरीनं पहिल्यांदा मान वर केली. काकू टेप घेऊन तिच्यासमोर खाली बसल्या. मी हळूच म्हटलं, "काकू, वाढत्या अंगाचं नोका शिवू. डॉक्टर म्हंतात, हातपाय लय वाढनार नाई."

"डॉक्टरनं हातपाय सांगतले न? पाठ तं वाढून राह्यली तिची. मी काहून तंग शिवू?"

बाहीला त्यांनी पुढं उसवायची दुमड ठेवलीच नाही, कमरेला मात्र चांगली चार बोटं ठेवली. मला वाटलं, म्हातारी माझं मन राखतेय. गौरी तोच ड्रेस घालून दुसऱ्या दिवशी शाळेत गेली.

पुढच्या जूनमध्ये कमरेची दुमड खरंच उसवावी लागली. काकूंनी जिलबी मागवून दुकानात आलेल्या प्रत्येकाला वाटली. कुणीतरी विचारलं, "नातू झाला का, काकू?"

"नाई बाप्पा, गौरी वाढली! दोन बोटं!"

मी तोवर पोरीला फक्त भिंतीशी उभी करून मोजत होते. त्या संध्याकाळी पहिल्यांदा पाटावर बसवून नुसतं धडही मोजलं. अकोल्याच्या डॉक्टरांना दोन्ही मापं दाखवली तर ते खूश झाले. म्हणाले, धड आणि हातपाय यांचा मेळ असाच कळतो. मी हे काकूंना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "मंग त्यायले म्हना, आता ड्रेस शिवून दाखवा!"

गेल्या आठवड्यात मंगरूळपीरला नव्या टेलरबाईंकडे गेलो. त्यांनी गौरीकडे पाहिलं आणि आवाज खाली आणून मला विचारलं, "ताई, हिचं कसं करायचं… नववीच्या मापानं शिवून मंग कापू का?"

मी तोंड उघडणार, तोच गौरी पुढे झाली. बाईंच्या गळ्यातला टेप काढून तिनं स्वतःच्या दंडावर धरला. "बाही इथवर. पाठ आधी मोजा, मंग कंबर." मग माझ्याकडे वळली. "आई, तू बाहेर बस न जराशी."

मी बाहेरच्या बाकावर येऊन बसले. काकू गेल्यापासून तिथं पहिल्यांदा पोटभर रडले. आत माझी लेक आपलं अंग आपणच समजावून सांगत होती. दोघींचं हसणं ऐकू आलं, आणि डोळे पुसता पुसता मलाही हसू फुटलं.