टेकडीवरचा फोन

कंट्रोल रूमच्या बाई नव्या पोरींना शिकवायला उभ्या राहिल्या, की सगळ्यात आधी स्वतःची चूक ऐकवायच्या. संकटातल्या माणसांचे फोन घ्यायचं त्यांचं काम. पोलिसांकडं आलेल्या खऱ्याखुऱ्या जुन्या फोनांची रेकॉर्डिंग लावून त्या शिकवायच्या. पहिला फोन ठरलेला. त्यात एक आवाज बाईंचा, आणि दुसरा, आता लपवून काय करू, माझा.

मोहफुलं वेचताना आमच्या मालकांवर, माझ्या लेकीच्या बापावर, अस्वल धावून आलं. धानोऱ्याकडच्या आमच्या गावात रेंज मिळते ती फक्त टेकडीवर. मी वर पळाले, नंबर लावला. बाई म्हणाल्या, “गाडी निघाली. फोन ठेवू नका, बोलत राहा.” मी बोलत राहिले. मालक खाली झाडापाशी एकटे. गाडी आली तोवर जीव गेलेला होता.

गावात मी सांगितलं, “किती म्हटलं, जाऊ द्या मले त्यायच्याजवळ! बाईनं सोडलंच नाई.” लेकीनं ते मनात धरलं. पुढं बाई स्वतः घरी आल्या, तर तिनं त्यांना बसासुद्धा म्हटलं नाही. “मायले जाऊ नाई देलं, माझ्या बापाले मारलं, आता कायले आल्या?”

“तुझं बरोबर आहे, पोरी,” बाई उभ्याउभ्याच म्हणाल्या. मग माझ्याकडं वळून, “तो फोन वर्गात ऐकवू का? नाई म्हणाल तर नाई.”

मी म्हटलं, ऐकवा, पण पहिल्यांदा मी वर्गात असताना.

गडचिरोलीला गेले, मागच्या बाकावर बसले. बाई बोलायला मोठ्या तिखट. एक पोरगी म्हणाली, आधी पूर्ण पत्ता विचारायचा. बाई म्हणतात, “हो ना! जंगलात अस्वल घर नंबर पाहूनच येते.” पोरी हसल्या. मग बाईंनी आमच्या फोनचं रेकॉर्डिंग लावलं.

माझं रडणं, माझी धाप. बाई म्हणतात, बोलत राहा. मी म्हणते, हो. परत हो. ‘जाऊ द्या’ कुठंच नाही. शेवटपर्यंत नाही. अस्वल तिथंच असेल म्हणून माझेच पाय उतरत नव्हते.

बाईंनी रेकॉर्डिंग थांबवलं. “फोनवाला कुठी आहे अन् जखमी कुठी आहे, हे दोन सवाल आहेत. मी एकच विचारला. दुसरा विचारला असता तर कोणाले तरी जखम दाबून धराले धाडलं असतं. चूक माझी.”

व्हरांड्यात मी त्यांना गाठलं. “तुमाले सारं माहीत होतं. माझ्या पोरीसमोर काऊन नाई बोलल्या?”

“तिले कोणावर तरी रागवाचं होतं. तुमच्यासंग तिले जन्म काढाचा आहे. माझ्यासंग थोडीच?”

यंदा बाई निवृत्त झाल्या. निरोपाला लेकीला घेऊन निघाले, आणि एसटीत तिला खरं ते सांगून टाकलं. ती खिडकीकडं तोंड करून बसली. गडचिरोलीला उतरल्यावर बाईंच्या पाया पडली.

माझ्याशी अजून बोलत नाही.