नकाशावरची करडी जागा

अठ्ठावीस वर्षं कैरोच्या सरकारी बसमध्ये तिकिटं फाडल्यावर इन्शिराह अब्दुल बाकीला घरी बसवेना. गुडघे कुरकुरत होते, तरी वाहतुकीचा नकाशा करणाऱ्या एका कचेरीला माणसं हवीत असं कळल्यावर ती उठली आणि गेली. खासगी, खच्चून भरणाऱ्या मायक्रोबसमध्ये बसायचं, फोन चालू ठेवायचा, तो वाटेवर ठिपके सोडत जाणार. गाडी थांबली की बटण दाबायचं, किती चढले, किती उतरले ते भरायचं. एवढंच काम.

"हे सगळं जाणार कुठं?" तिनं पहिल्याच दिवशी विचारलं.

"सगळ्यांसाठी उघडं राहणार, उम्म रमझी," प्रमुख इंजिनिअर शेरीफ वहदान म्हणाले. थोरला मुलगा रमझी, म्हणून सगळे तिला उम्म रमझी, म्हणजे रमझीची आई, अशीच हाक मारत. "बाहेरून मदत मिळालीय ती याच अटीवर. मंत्री मागो की शाळकरी पोर, फुकट मिळणार. नव्या बस कुठं थांबवायच्या तेही यावरूनच ठरेल."

तिनं त्या अटीच्या कागदावर सही केली आणि एक प्रत घरी नेली.

पाच महिने ती फिरली. कधी इंजिनाच्या तापल्या झाकणावर बसून, कधी अर्धी दाराबाहेर लोंबकळत. गिझाच्या बाजूचा एक ड्रायव्हर, झकी, तिच्याकडे आरशातून बघत राहायचा.

"मावशी, आमची नावं पोलिसात देतेस काय?"

"तुझं दार सुतळीनं बांधलंय, ते लिहायला माझ्याकडे बटणच नाही. गाडी हाक."

गाडीभर हसू पसरलं. त्या दिवसापासून झकी स्वतःच थांबे सांगू लागला.

तिची स्वतःची वस्ती, एज्बत अबू शाल, रिंगरोडच्या पलीकडे होती. तिथं सरकारी बस कधी फिरकलीच नव्हती. सकाळी सात ते नऊ तिथून सहाशे चाळीस माणसं मायक्रोबसमध्ये चढली: इस्पितळात झाडलोट करणाऱ्या बाया, शिवणकारखान्यातल्या मुली, दप्तरवाली पोरं. आपल्या वस्तीचं म्हणून फुगवलं, असं कुणी म्हणू नये, यासाठी तिनं चार सकाळी मोजलं. आकडा फारसा हलला नाही.

मग नाईलकाठच्या एका हॉटेलात नकाशा दाखवायचा दिवस आला. पडद्यावर निळ्या-हिरव्या रेषा, सुबक. इन्शिराहनं आपली वस्ती शोधली. तिथं करडा डाग होता. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं: प्रवासी नाहीत. तिनं चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

चहाच्या वेळी तिनं वहदानना गाठलं. "साहेब, आमची माणसं कुठं गेली?"

"मायक्रोबस काढून टाकल्या सगळ्या. फार गिचमिड दिसत होतं. पाहुण्यांसमोर काहीतरी नीटनेटकं नको का?"

"गिचमिड आहे म्हणून दिसत होतं."

"ती कच्ची माहिती आहे, उम्म रमझी."

"कच्ची? माझे पाय शिजलेत त्यात. आणि आमच्याकडं नवी बस?"

"जिथं प्रवासी नाहीत तिथं थांबा कसा देणार?" वहदाननी एक नानकटाई तोंडात टाकली. मिशीला पिठीसाखर लागली.

"मग माहिती उघडी करणार होतात ती?"

"हा नकाशा आहे की उघडा. कुणीही बघावा."

बसमध्ये इन्शिराहनं लोकांच्या ओकाऱ्या पुसल्या होत्या, गर्दीचा फायदा घेऊन अंगाला लगटणाऱ्यांच्या हातावर तिकिटाची पेटी हाणली होती. पण त्या साखरेच्या मिशीकडे बघून तिला जशी शिसारी आली, तशी कधीच आली नव्हती. तोंडातला घास तिनं कागदी रुमालात थुंकला आणि ती चालत घरी गेली. लांब होतं, तरी चालत.

सगळ्या नोंदी तिच्या फोनमध्ये होत्याच. मुलींच्या शाळेत भूगोल शिकवणारी शेजारीण माग्दा, कुणालाही रेघ ओढता येते आणि कुणालाही फुकट घेता येतो अशा इंटरनेटवरच्या एका नकाशावर हौसेनं गल्ल्या काढायची. इन्शिराहनं फोन तिच्यापुढं ठेवला.

"नोकरी जाईल बाई," माग्दा म्हणाली.

"ती त्या हॉटेलातच गेली. तू काढ."

सहा शुक्रवार लागले. सतरा मार्ग, प्रत्येक थांबा, चढलेली-उतरलेली माणसं. कचेरीतून फोन आला, ताबडतोब पुसून टाका, नाहीतर वकील. इन्शिराहनं अटीचा कागद काढला आणि फोनवर सावकाश, एकेक शब्द तोडत वाचून दाखवला. पलीकडून फोन ठेवला गेला. दुसऱ्या दिवशी तिला कामावरून कमी केल्याचं पत्र आलं.

वस्तीतल्या बायांनी तो नकाशा छापून थांब्यासाठीच्या अर्जाला जोडला. अर्ज तीनदा हरवला, तीनदा पुन्हा दिला. आठ महिन्यांनी रिंगरोडवर एज्बत अबू शालचा थांबा झाला, पत्र्याच्या सावलीसकट.

फीत कापायला वहदानच आले. "माहिती उघडी ठेवायची, हे आमचं पहिल्यापासूनचं धोरण," ते माइकवर म्हणाले, "आणि आमच्या उम्म रमझी त्याच धोरणातून घडल्या." खाली उतरून त्यांनी सगळ्यांसमोर तिचा हात धरून हलवला. मऊ, ओलसर हात. बाया टाळ्या वाजवत होत्या, म्हणून ती काही बोलली नाही. ते न बोलणं तिला पुढं कितीतरी दिवस डाचत राहिलं.

झकी गाडी कडेला लावून बघत होता. "मावशी, आता माझ्या गाडीत कोण बसणार?"

"बस मेट्रोपर्यंतच जाते. गल्लीत तुझ्याशिवाय कोण शिरणार?"

"आणि तू? घरी बसणार?"

"शुक्रवारी माग्दाकडे जायचंय. कालव्यापलीकडच्या वस्त्या राहिल्यात, त्याही करड्याच आहेत." तिनं ओढणीच्या टोकाला हात पुसला, पुन्हा एकदा पुसला. पहिली बस आली तेव्हा सवयीनं तिच्या तोंडून आकडे निघू लागले. एकतीस माणसं चढली.