आपल्याइतकीच काळजी

ओमाहा शहरात मार्लिस कुचेराला फारसं कुणी ओळखत नव्हतं, पण तिचं एक वाक्य मात्र नेब्रास्काभर कितीतरी घरांत फ्रिजवर चिकटवलेलं होतं.

आरोग्य विम्याच्या एका कंपनीत, मंजुरी खात्यात तिने सत्तावीस वर्षं काढली. डॉक्टर उपचारांच्या मंजुरीसाठी अर्ज पाठवायचे, वरचे लोक नकार द्यायचे आणि तो नकार टाइप करून टपालात टाकायचं काम मार्लिसचं. सुरुवातीला ही पत्रं पार्किंगच्या दंडाच्या पावतीइतकी कोरडी असत. चर्चमध्ये दर रविवारी स्वतःच्या हातचे कोलाची नावाचे गोड पाव वाटणाऱ्या बाईला ते कसं रुचावं? तिने आपणहोऊन शेवटी एक ओळ घातली : ‘आपल्या प्रकृतीची आम्हांला आपल्याइतकीच काळजी आहे.’ साहेब खूश झाले. ओळ कायम झाली, आणि त्या नाताळात मार्लिसला कंपनीकडून भलं मोठं हॅम मिळालं. तिचा नवरा व्हर्न ते पुरवून पुरवून खात होता आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होता, हे साहित्याचं बक्षीस आहे.

एकदा हेस्टिंग्जहून एका बाईंचा फोन आला. त्यांच्या नवऱ्याचा अर्ज नाकारला होता आणि मधल्या काळात नवरा गेला होता. त्यांनी एवढंच विचारलं, ती शेवटची ओळ कुणी लिहिली? मार्लिसने जरा संकोचून सांगितलं, मीच. बाईंनी ‘बरं’ म्हणून फोन ठेवला. भारावल्या असतील बिचाऱ्या, असं मार्लिसने घरी येऊन सांगितलं.

निवृत्तीनंतर दुसऱ्या वर्षी तिच्या पोटात उजवीकडे दुखायला लागलं. रक्त तपासलं, फोटो काढले, सगळं स्वच्छ. दुखणं मात्र जागचं हलेना. शेवटी सर्जन लुंडग्रेन बाई म्हणाल्या, तीन बारीक छेद घेऊ, आत कॅमेरा घालू आणि काय आहे ते बघू.

मार्लिस खुर्चीत सरसावून बसली. "डॉक्टर, अर्जात ‘बघू’ लिहू नका हं. बघायला मंजुरी मिळत नाही. रोगाचं नाव लागतं."

"नाव माहीत असतं तर बघायला कशाला गेले असते?"

"मला कळतंय हो. पण तो रकाना रिकामा दिसला, की अर्ज गेलाच. मीच घालवलेत की सत्तावीस वर्षं."

"मग खोटं नाव घालू?"

खोटं लिहा असं मार्लिसला म्हणवेना. डॉक्टरीणबाईंनी खरं तेच लिहिलं.

नवव्या दिवशी तिच्याच जुन्या कंपनीचा लिफाफा आला. तो नुसता हातात घेऊनच तिने ओळखलं. नकार एका पानाचा असतो. रोग निश्चित नाही, सबब आधी सहा आठवडे व्यायामोपचार करावा. खाली तिची ओळ.

दहातले नऊजण इथेच गप्प बसतात, हे तिला ठाऊक होतं. कचेरीत त्याचा तक्ता भिंतीवर लावलेला असे, वर हसरा सूर्य काढलेला. मार्लिसने अपील केलं आणि सहा आठवडे दिवाणखान्यात सतरंजीवर पडून पाय उचलले. व्हर्न तिचे पाय धरून आकडे मोजायचा आणि मध्येच चुकायचा. तिचा चेहरा बघितला की त्याचा आकडा हुकायचा.

मंजुरी यायला अकरा आठवडे लागले.

डॉक्टरीणबाईंनी आत बघितलं आणि काही न कापता टाके घातले. बीजकोशातून सुरू झालेला कर्करोग बराच पसरला होता. आधी बघितलं असतं तर, हे त्यांनी म्हटलं नाही आणि मार्लिसने विचारलं नाही.

"चला, नाव तरी मिळालं," ती म्हणाली.

नाव घालून औषधाचा नवा अर्ज गेला. दहा दिवसांनी लिफाफा आला, पातळ. चष्मा हाताशी नव्हता म्हणून तिने तो व्हर्नला वाचायला दिला. आधी स्वस्तातलं औषध घेऊन बघावं, गुण न आल्यास पुन्हा अर्ज करावा, इथपर्यंत वाचून तो थांबला.

"शेवटची ओळ राहिली," मार्लिस म्हणाली.

"तुझीच आहे की ती. पाठ असेल."

"वाच. मी कधी ऐकली नाहीये, कुणाच्या तोंडून."

व्हर्नने वाचली. आवाज नीट ठेवायचा त्याने पुष्कळ प्रयत्न केला.

"हेस्टिंग्जच्या बाई आठवतात तुला?" मार्लिसने विचारलं.

"त्या भारावलेल्या?"

मार्लिसने पत्र त्याच्या हातून घेतलं आणि घडी घालून परत लिफाफ्यात ठेवलं.

"त्यांचं नाव आठवायचा प्रयत्न करतेय मघापासून," ती म्हणाली. "मी विचारलंच नव्हतं."