चैत्रातली मंडई

बोडीटोल्याच्या केवळरामभाऊला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो खांद्यावर माशांची कावड घेऊन हसत उभा होता आणि त्याच्याभोवती दोन गावांचे लोक तावातावाने भांडत होते. भांडण त्याच्याशी नव्हतं, पण त्याच्याशिवाय ते मिटणारही नव्हतं. मी वर्धेकडचा, नवा ग्रामसेवक. या मासेविक्याचं इथे काय काम, असं मी शेजारच्या एका म्हाताऱ्या बाईला विचारलं. तिने माझ्याकडे अशी नजर टाकली की मला माझ्या नोकरीचीच शंका आली.

"अरे बाप्पा, दिवस तोच वाटते ना!"

दिवस म्हणजे मंडईचे दिवस. आमच्या झाडीपट्टीत दिवाळी सरली की गावोगाव मंडई भरते. दुकानं लागतात, लेकी माहेरी येतात, सोयरे जमतात, रात्रभर दंडारीचं नाचगाणं नाही तर नाटक रंगतं. पण दोन शेजारच्या गावांची मंडई एकाच दिवशी पडली तर दोन्ही गावं रुसून बसतात, कारण पाहुणे वाटले जातात आणि जिलबीवाला एकीकडेच जातो. म्हणून जंगलाच्या कडेने कमानीसारखी वसलेली आमची पाच गावं दसरा झाला की एकत्र बसत आणि केवळराम कुणाचा दिवस कोणता ते सांगे. त्यालाच का? तर तो जातीचा ढिवर, बोडीटोल्याच्या तलावात जाळं टाकणारा. पाचही गावांच्या चुली त्याला माहीत, आणि स्वतःची शेती नसल्यामुळे कुणाच्या बांधाला त्याचा बांध लागून नाही. बांध नाही म्हणून भांडण नाही. इतका निर्वैर माणूस पाच गावांत दुसरा सापडला नसता.

या वाटपाचा एकच कायदा होता. वाटणाऱ्याने आपल्या गावाचा दिवस शेवटी घ्यायचा.

शेवटचा दिवस म्हणजे काय ते मी पुढे अनुभवलं. तोवर जिलबीवाल्याचं तेल काळं पडलेलं असतं, नाटकवाल्यांचे घसे बसलेले असतात, आणि पाहुण्यांना आता मंडई नको, झोप हवी असते. केवळरामची बायको गोकुळाबाई दरवर्षी या दिवशी नवऱ्याचा उद्धार करी. "साऱ्या दुनियेले ताजं वाटते, अन् आमच्या दारी शिळं आणते," असं ती चार लोकांत म्हणे, आणि केवळराम चार लोकांबरोबर हसे.

छप्पनच्या हिवाळ्यात आमचा चांदा जिल्हा मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आला. कचेरीतल्या पाट्या बदलल्या, रस्त्यातला चिखल मात्र जुनाच राहिला. त्याच सुमारास आमच्या विकास खंडाच्या कचेरीत पाच ग्रामपंचायतींचे पाच अर्ज पोचले. प्रत्येकीला वडसा स्टेशनला जाणाऱ्या पक्क्या सडकेपर्यंत आपला स्वतंत्र रस्ता हवा होता, आणि तो शेजाऱ्याच्या गावातून तर मुळीच जायला नको होता. खंडाचे अधिकारी गुणवंतराव कपाळाला हात लावून बसले. माणूस नागपूरकडचा, जाड चष्म्याचा, पण खुर्चीला चिकटून बसणारा नव्हे. त्यांनी पाचही अर्ज बाजूला सारले आणि पाचही सरपंचांना मोहटोल्याच्या शाळेत बोलावलं.

"पाच रस्ते देण्याची ताकद ना खंडाची आहे, ना तालुक्याच्या जनपद सभेची," त्यांनी सरळ सांगितलं. "पण पाच गावांना ओवत जाणारा एक रस्ता होऊ शकतो. आमच्याकडून ओव्हरसियर, नाल्यांसाठी सिमेंटचे नळ आणि रोलर. जनपद सभा मुरमाची खाण मिळवून देईल आणि जंगल खात्याची परवानगी काढील. माती-मुरूम टाकायचं श्रमदान तुमचं, ज्याने त्याने आपल्या शिवेपर्यंत. कमानीच्या या टोकाने, मोहटोल्याकडून सुरू करता येईल, किंवा त्या टोकाने, बोडीटोल्याकडून. ओव्हरसियर म्हणतात, सडक दोन्ही टोकांपासून सारखीच दूर. मात्र रोलर उन्हाळ्यापर्यंतच आपला आहे. तोवर रस्ता जाईल तितका जाईल. उरलेला पुन्हा केव्हा, ते मी सांगू शकत नाही."

हे ऐकल्यावर जो गोंधळ उठला त्यात शाळेची घंटाही कुणीतरी वाजवली. सगळ्यात मोठा आवाज मोहटोल्याचे सरपंच उमाजीभाऊ यांचा. भरपूर धानाची शेती, त्याहून भरपूर मिशा, आणि आपलं गाव मागे राहील या कल्पनेनेच लाल होणारा चेहरा. तासभर कुणी कुणाचं ऐकेना. शेवटी उमाजीभाऊच दमून खाली बसले आणि म्हणाले, "मंडईचे दिवस केवळराम वाटते, तं हेबी त्यालेच वाटू द्या ना!"

गुणवंतरावांनी मला हळूच विचारलं, हे काय प्रकरण आहे? मी सांगितलं. त्यांनी चष्मा पुसला आणि खूश होऊन म्हणाले, "अहो, मग आपलं अर्धं काम या लोकांनी आधीच करून ठेवलंय की!"

केवळरामला तलावावरून बोलावून आणलं. ओल्या धोतराने तो दारात उभा राहिला, सगळं ऐकून घेतलं, आणि जराही न अडखळता बोलला. "मोहटोल्याकडून सुरू करा. बोडीटोला शेवटी."

त्या संध्याकाळी मी बोडीटोल्यातच मुक्कामाला होतो. गोकुळाबाईने आम्हाला भात वाढला, मरळीचा रस्सा वाढला, आणि नवऱ्याकडे पाठ करून माझ्याशी बोलू लागली.

"सायेब, मंडईत शेवटी राह्यलं तं शिळी जिलबी भेटते. रस्त्यात शेवटी राह्यलं तं काय भेटते, सांगा! रस्ताच भेटत नाई! सकाळी जाळं काढलं का हा माणूस कावड घेऊन वडशाले पळते. टेसनवर पोचेपर्यंत अर्धे मासे नरम पडतेत. गिराईक नाक दाबते. नाल्याच्या चिखलात याचा पाय मोडन तवाच याले समजन. कोनी नाई म्हटलं असतं का आपल्या टोकाकून सुरू करा म्हनलं असतं तं? मंग तसं काऊन नाई म्हटलं?"

"वाटनाऱ्यानं आपलं पयले घेतलं तं उद्या त्याचं कोन आयकन?" केवळराम भात कालवत म्हणाला.

"नाई आयकलं तं नाई! कान धुवाले सांगा त्याइले!"

माझं स्पष्ट मत सांगतो, त्या दिवशी मी गोकुळाबाईच्या बाजूचा होतो.

काम मात्र झकास सुरू झालं. धान कापून लोक मोकळे होते. सकाळी बैलबंड्या जुंपून मुरूम यायचा, बाया घमेली वाहायच्या, ओव्हरसियर दोरी धरून ओरडायचा, आणि दुपारी रोलर धडधडत आला की शाळा आपोआप सुटायची. गुणवंतराव आठवड्याला एकदा जीप घेऊन येत. जीप जिथे रुतेल तिथवरच रस्ता झाला, अशी त्यांची साधी मोजणी होती. मोहटोल्याने आपला तुकडा संपवला तसा पुढच्या गावाला जोर चढला, मग त्याच्या पुढच्या. फाल्गुन संपेपर्यंत चार गावं रस्त्यावर आली. लोक विनाकारण बंडी जुंपून हिंडून येत.

उरला बोडीटोला. आणि इथे घोडं अडलं. चाळीसेक घरं, निम्म्यांकडे बैलबंडीच नाही, आणि वाट्याला आलेला तुकडा सगळ्यांत वाईट. मधे नाला, दोन्ही बाजूंना खचणारी माती. गुणवंतरावांनी सिमेंटचे नळ आणून टाकले, पण नळांवर भराव घालायला हात हवे होते. त्यातच रोलर दुसऱ्या खंडाला द्यायचं पत्र चांद्याहून आलं. गुणवंतराव स्वतः चांद्याला जाऊन भांडले आणि आठ दिवस मागून आणले. "याहून जास्त माझ्या हातात नाही, केवळराम," ते म्हणाले, आणि त्यांना ते म्हणताना वाईट वाटलं हे दिसत होतं.

केवळराम रोज पहाटे घमेलं घेऊन नाल्यात उतरे. मी म्हटलं, उमाजीभाऊंना सांगा, माणसं पाठवतील. तो मान हलवायचा. ज्याने त्याने आपल्या शिवेपर्यंत, असं ठरलं होतं. वाटणाऱ्याने कसं मागायचं? असल्या माणसाचं काय करावं! मला त्याचा राग येई आणि त्याच्याबरोबर घमेलंही उचलावं लागे.

गोकुळाबाई मात्र या दिवसांत गप्प होती. मला त्याचीच धास्ती वाटत होती. ती डोक्यावर टोपली घेऊन झिंगे विकायला निघे ती दिवस मावळता परते. चार दिवस हेच चाललं होतं. पाचव्या दिवशी, म्हणजे शुक्रवारी, सकाळी आम्ही नाल्यात चिखलाने माखलेले उभे असताना ढोल ऐकू आले.

नव्या रस्त्यावरून बंड्यांची रांग येत होती. बैलांच्या शिंगांना रंग, बाया ठेवणीतल्या लुगड्यांत, लेकरांच्या डोळ्यांत काजळ. मागे एक बांगड्यावाला, आणि त्याच्या मागे कढई घेऊन जिलबीवाला! सगळ्यांत पुढच्या बंडीत उमाजीभाऊ, पांढरंशुभ्र धोतर आणि गुलाबी फेटा. चारही गावं लोटली होती.

गोकुळाबाई झिंग्यांच्या टोपलीत हळदीचे तांदूळ घेऊन घरोघर फिरली होती. बोडीटोल्याची मंडई आहे, येत्या शुक्रवारी, सगळ्यांनी यायचं. चैत्रात कसली मंडई, असं कुणी विचारलंच तर म्हणे, "शेवटचा दिवस आमचा असते ना? मंग आमी म्हनू तो!" हळदीचे तांदूळ घेतले की जाणं भाग. झाडीतला माणूस एक वेळ कोर्टाचं बोलावणं चुकवील, मंडईचं नाही.

उमाजीभाऊ उतरले, इकडे तिकडे पाहिलं. दुकानाची जागा नाही, मंडप नाही. नाला, नळ आणि मुरमाचे ढीग.

"मंडई कुठी हाये वं गोकुळाबाई?"

"हे का पुढं दिसून राह्यली!" तिने मुरमाकडे हात केला. "घमेले हायेत, पावडे हायेत. नाला भरा, मंग जेवाले बसा. तलावात जाळं टाकलं हाये, कोनी उपाशी जानार नाई."

केवळराम चिखलातून धडपडत वर आला. शरमेने त्याचा चेहरा पाहवत नव्हता. "उमाजीभाऊ, मले काईच माहीत नव्हतं. देवाशपथ. तुमी..."

उमाजीभाऊंनी मिशीवरून हात फिरवला. चारशे माणसं त्यांच्या तोंडाकडे बघत होती. त्यांनी फेटा सोडला. सावकाश त्याची चुंबळ केली, डोक्यावर ठेवली, आणि घमेल्यासाठी हात पुढे केला.

"आजवर याच्या मंडईले आपन नुसते जेवाले आलो," ते मागे वळून गरजले. "पाह्यता काय? बंड्या खाली करा!"

पुढे जे झालं त्याला काम म्हणणं बरोबर नाही. ढोलवाले भरावावर उभे राहून वाजवत होते, आणि ठेका वाढवला की घमेली पळत. मोहटोल्याच्या बाया एका बाजूने, बाकीच्या दुसऱ्या बाजूने, आणि मधे शिव्या, गाणी, हसणं. जिलबीवाल्याने सगळ्यात आधी बोडीटोल्यात कढई चढवली तेव्हा तेल स्वच्छ होतं, हे मी मुद्दाम जाऊन पाहिलं. गुणवंतराव दुपारी जीप घेऊन आले, बघत राहिले, आणि मग कोट काढून मला म्हणाले, "माझ्यासाठी घमेलं बघा हो एक." रोलरवाल्याला बायांनी कुंकू लावलं, रोलरपुढे नारळ फोडला, आणि उन्हं कलती होताना रोलर नळांवरून जाऊन बोडीटोल्याच्या तलावाच्या पाळीला लागला. केवळराम त्याच्या मागे चालत होता आणि उघड उघड रडत होता.

वैशाखात सरकारी मोटार सुरू झाली. गुणवंतरावांनी पाच ग्रामपंचायतींचा एकच ठराव जोडून मागणी धाडली होती. मोटार खात्याचा माणूस रस्ता बघून गेला आणि त्याने ठरवलं की गाडी वळवायला जागा एकच, बोडीटोल्याच्या तलावाजवळचं मैदान. संध्याकाळी गाडी तिथे मुक्कामाला येईल, सकाळी तिथूनच वडशाला सुटेल.

पहिल्या दिवशी मी मोहटोल्याहून चढलो. पाय ठेवायला जागा नव्हती. बोडीटोल्याची माणसं सगळी बसलेली, पुढच्या गावाची निम्मी बसलेली, आणि आम्ही मोहटोलेकर दांडीला लोंबकळत उभे. टपावर माशांच्या टोपल्या होत्या. ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर खिडकीशी गोकुळाबाई आणि तिच्या शेजारी केवळराम, नवा सदरा घालून, पाहुण्यासारखा अंग चोरून बसलेला.

"अरे केवळराम," उमाजीभाऊ दोन्ही हातांनी दांडी धरून म्हणाले, "हे तुले आधीच ठाऊक होतं का बे? शेवटच्या गावाले बसाले भेटते म्हनून?"

"नाई जी," केवळराम घाबरून म्हणाला, आणि सवयीप्रमाणे उठू लागला. "या, तुमी बसा इथी."

गोकुळाबाईने खिडकीबाहेरची नजर न काढता त्याच्या सदऱ्याचा काठ धरला आणि त्याला खाली ओढलं. गाडीत हशा पिकला. उमाजीभाऊच सगळ्यात मोठ्याने हसले.

वडशापर्यंत केवळरामभाऊ बसून गेला.