चोरटीचं घर

माझ्या कादंबरीतली चोरटी राहते कुठे, हे मला ठाऊक नव्हतं, आणि एका रविवारी माझ्या नातीनं नेमकं तेच विचारलं.

नात पुण्याला असते, मुलीची मुलगी, चौथीत. दर रविवारी सकाळी फोनवर मी तिला कादंबरीचा पुढचा भाग सांगतो. त्याआधी आमचं बोलणं 'हाय आजोबा' आणि 'बाय आजोबा' या दोन वाक्यांत आटपायचं. मधल्या वेळात ती काहीतरी खात असायची. चोरटी आली आणि फोन लांबायला लागला. कादंबरी कुणी छापेल असं मला वाटत नाही आणि त्याची फारशी फिकीरही नाही. रविवारचा हा फोन बंद पडू नये, एवढीच काय ती धास्ती.

चोरटी म्हणजे रस्त्यावर वाढलेली एक पोर. तिच्या शहरात एक भट्टी आहे, ती कधीच विझत नाही. भट्टीच्या उजेडात ही छपरांवरून चालते. सोनंनाणं चोरत नाही, झोप चोरते. शेठ-सरदारांच्या उशाशी जाऊन त्यांची झोप अलगद डबीत भरते आणि ज्या बाईचं तान्हं रात्रभर किरकिरतं तिच्या डोळ्यांवर नेऊन ठेवते. शहराचा कोतवाल झोपेविना वेडापिसा झालाय आणि हिच्या मागावर आहे. हे सगळं मला कुठून सुचलं ते विचारू नका. मी अख्खी नोकरी भिलाईच्या स्टील प्लांटच्या ऑफिसात बाबूगिरी केली. लिहिलं ते फायलींवर. पहिल्या प्रकरणातही मी 'सदर मुलगी वारंवार चोरी करीत असल्याचे निदर्शनास आले आहे' असं लिहून बसलो होतो. बायकोनं ते वाचलं आणि चष्मा काढून विचारलं, "हिले सस्पेंड करून राहिले का तुमी?"

तर त्या रविवारी नात म्हणाली, "पण आजोबा, चोरी झाली की ती जाते कुठे? तिचं घर कुठंय?"

मी म्हटलं, छपरावर राहते.

"छप्पर तर दुसऱ्यांचं असतं."

मग भट्टीखालच्या बोगद्यात.

"बोगद्यात कोतवालाची माणसं असतात. तूच सांगितलंस."

मी गडबडलो. काहीतरी खाकरलो, पाणी प्यायलो, नेटवर्कला शिव्या दिल्या. पोरगी बधली नाही. "पुढच्या रविवारी सांग. नाही सांगितलंस तर मी नाही ऐकणार, हे चीटिंग आहे," असं म्हणून तिनं फोन ठेवला. चौथीतल्या मुलीनं मला अल्टिमेटम दिलं होतं आणि ते खरं होतं, कारण ती तिच्या आजीवर गेली आहे.

आता माझी अडचण सांगतो. भिलाईत नोकरी संपली की कंपनीनं राहायला दिलेला क्वार्टरही संपतो. ज्या घरात मुलगी जन्मली, शिकली, जिथून तिची वरात निघाली, त्या घराची चावी एके दिवशी ऑफिसात जमा करायची आणि निघायचं. सगळेच निघतात. आम्ही कंपनीच्या टाउनशिपबाहेर, कोहक्याला प्लॉट घेऊन ठेवला होता, त्यावर हळूहळू घर बांधलं. बांधलं म्हणजे बायकोनं बांधून घेतलं. मी फक्त मिस्त्रीला चहा नेऊन देत होतो. क्वार्टर सोडायच्या दिवशी मी मागच्या आंगणात पेरूखाली उगाच उभा होतो, तेव्हा ती टेम्पोत भांडी चढवत म्हणाली, "कंपनीचं घर होतं, कंपनीनं घेतलं. त्यात काय रडाचं?" कोहक्याला आल्या-आल्या तिनं पडदे लावले, तुळस लावली, इलेक्ट्रिशियनला फैलावर घेतलं. मोठी खंबीर बाई.

आणि मी? मी नव्या घरात पाहुण्यासारखा चाचपडत होतो. दिव्याचं बटन डावीकडे शोधायचो, ते उजवीकडे निघायचं. पहाटे उठून न्हाणीघर समजून भिंतीवर गेलो, नाक शेकून घेतलं. टाउनशिप सगळी सेक्टरांत वाटलेली, म्हणून भिलाईत नवा माणूस भेटला की पहिला प्रश्न असतो, कोणता सेक्टर? मी तोंड उघडायचो आणि मग आठवायचं की आता सेक्टर नाही. "कोहका," मी सांगायचो, आणि काही कारण नसताना माझा आवाज बसायचा. चांगली वस्ती आहे कोहका. पक्कं, स्वतःचं घर आहे. मग मला झालंय तरी काय, हे माझं मलाच कळत नव्हतं.

हा सगळा घोळ कादंबरीत उतरला. चोरटी कोतवालाच्या महालात शिरते तो प्रसंग मी मोठ्या हौसेनं लिहिला. मागच्या आंगणातून, भिंतीवर वाकलेल्या पेरूच्या झाडाखालून, मोरीच्या बाजूनं ती स्वयंपाकघरात येते. बायको वाचत होती. वाचता वाचता थांबली.

"हा महाल हाय?"

"मग?"

"महालात मागं मोरी असते का? आन् कोतवालीन दोन खोल्यात राह्यते का बाप्पा?"

मी चिडून कागद ओढून घेतले. महाल सात मजली केला, खंदक खणला, खंदकात मगरी सोडल्या. चोरटीला जिने चढवत सातव्या मजल्यावर नेलं, दार उघडलं, तर आत पुन्हा तेच स्वयंपाकघर. तोच ओटा, तीच खिडकी. मी हात टेकले. मग वाटलं, तिला एखाद्या कारखान्याच्या शेडमध्ये ठेवावं, म्हणून स्कूटर काढून हथखोजच्या कारखान्यांच्या वस्तीत जाऊन आलो. तिथं ग्राइंडरचा आवाज आणि लोखंडाचा भुगा. डोकं धरून परत आलो. अशा ठिकाणी माणसं काम करतात, पण पोरीनं राहावं असं ते ठिकाण नव्हतं. आठवडा सरत आला आणि चोरटी अजून बेघरच होती.

शनिवारी दुपारी बँकेच्या कामाला टाउनशिपमधल्या सिव्हिक सेंटरच्या बाजारात गेलो. काम झालं, बायकोसाठी समोसे घेतले, स्कूटरला किक मारली. कोहक्याला यायचं तर रेल्वे लाइन ओलांडावी लागते. मी ओलांडली नाही. मला ते कळलंही नाही. डोक्यात एकच चालू होतं, कुठं ठेवू हिला, कुठं ठेवू. स्कूटर सावलीत लावली, मागून गेलो. मागच्या दाराची कडी बाहेरून फटीत बोट घालून उचलता यायची, उचलली. चपला मोरीजवळ काढल्या. समोसे ओट्यावर ठेवले, माठातलं पाणी काढलं आणि उभ्यानंच प्यायला लागलो.

पेला वेगळा वाटला. नवीन आणला असेल, म्हटलं. मग भिंतीकडे लक्ष गेलं. भिंत हिरवी होती. माझं डोकंच फिरलं. मला न विचारता रंग देऊन टाकला!

"हा रंग कोनाले विचारून दिला?" मी आतल्या खोलीकडे तोंड करून ओरडलो.

आतून एक तरुण बाई आली. हाताला कणीक लागलेली. आम्ही एकमेकांकडे पाहत राहिलो. खरं सांगतो, त्या क्षणी मला वाटलं, ही कोण बया आमच्या घरात घुसली? मी तिला चांगला दम देऊन विचारलं, "आप कौन?"

"चोर!" ती किंचाळली. "चोर, चोर!"

मी मागे वळून पाहिलं, चोर कुठंय म्हणून.

मग हळूहळू मला खिडकीखालची तिची भांडी दिसली, तिचं कॅलेंडर दिसलं, तिचा गॅस दिसला. पेला हातातच होता. तो ठेवायचा कुठे ते कळेना, कारण ती जागा आता आमची नव्हती. बाईची नजर मात्र समोशांच्या पुडीकडे गेली, मग दारातून बाहेर, मोरीजवळ नीट जोडीनं काढलेल्या चपलांकडे. चोर समोसे घेऊन येत नाहीत आणि चपलाही काढत नाहीत.

"अंकल," ती आवाज उतरवून म्हणाली, "आप पहले इसी क्वार्टर में थे क्या?"

मी मान हलवली.

"बैठिए. हमारे ये भी नाइट से आकर बगल वाले के यहाँ घुस गए थे. चाय पीकर लौटे." ती हसली. आमच्याही वेळी हे व्हायचं. सगळे क्वार्टर एकसारखे, रात्रपाळी करून आलेला माणूस झोपेत शेजाऱ्याच्या पलंगावर जाऊन आडवा व्हायचा. त्याला कुणी चोर म्हणत नसे, चहा देऊन पाठवत. पण तो शेजारी असे. त्याला दोन पावलांवर स्वतःचं घर असे. मी तिची माफी मागितली, चपला घातल्या आणि पळालो म्हणा ना. पुढे कितीतरी वेळ मला खरंच समजत नव्हतं की लाज वाटतेय की वाईट वाटतंय. दोन्ही असावं.

घरी आलो आणि बायकोला सगळं सांगून टाकलं. म्हटलं, आता ही पोट धरून हसेल आणि संध्याकाळपर्यंत आख्ख्या कोहक्याला कळेल. ती हसली नाही. तांदूळ निवडत होती, तिनं ताट बाजूला ठेवलं.

"रंग कोनता दिला?"

"हिरवा."

"पेरू हाय का?"

"हाय. एक फांदी तोडली त्यायनं."

तिनं ताटातला एक खडा उचलून बाहेर टाकला. मग म्हणाली, "तुमी आत त गेले. मी गेटवरूनच वापस आली."

मला आधी कळलंच नाही ती काय म्हणतेय. "तू कवा गेली होती?"

"भाजी आनाले जातो म्हनून. ऑटोनं." ती ताटाकडे पाहत बोलत होती. "गेटाशी उभी राह्यली. ते पोरगी कपडे वायू घालून राहिली होती. माह्याच तारेवर. मंग भाजी न घेताच आली."

मला राग आला. मला वेड्यात काढलं म्हणून, आणि इतके दिवस मी एकटाच हरवलोय असं वाटू दिलं म्हणून. "मले कावून नाही सांगितलं?"

"तुमी आधीच हरवल्यावानी फिरता. मीबी तसंच केलं असतं त हे घर कोनं लावलं असतं?"

मी तिच्याजवळ बसलो. थोड्या वेळानं तिनं विचारलं, समोसे कुठे हायत, आणि मला सांगावं लागलं की ते तिथंच राहिले.

रविवारी फोन आला. मी काहीच ठरवलं नव्हतं. रात्रभर ठरवायचा प्रयत्न करून मगरींपर्यंत पोचलो होतो आणि परत आलो होतो. फोन स्पीकरवर होता आणि बायको जवळच बसली होती. एरवी ती चोरटीच्या वेळी स्वयंपाकघरात असते.

"सांग," नात म्हणाली. "घर कुठंय?"

"घर होतं तिला," मी म्हणालो. "आता तिथं दुसरे लोक राहतात."

"कोतवालानं घेतलं?"

"नाही गं. कुणीच नाही घेतलं. त्या शहराची रीतच तशी होती. दिवस भरले की घर सोडायचं."

"हे काय बोअर. मग?"

"मग ती एके दिवशी चुकून तिथंच गेली. मागच्या दारानं आत शिरली."

"आणि झोप चोरली!"

"नाही. पाणी प्यायली आणि बाहेर आली."

मला वाटलं, संपलं. ना पाठलाग, ना जादू, पोरगी आता फोन ठेवणार आणि पुढच्या रविवारी आपण 'हाय' आणि 'बाय'वर परत येणार.

"आजोबा," तिनं हळूच विचारलं, "रडली का ती?"

मी अडकलो. चोरटी आजवर कधी रडली नव्हती. मगरींसमोर नाही, कोतवालासमोर नाही. नायिका आहे ती, तिला आता अशी अचानक रडवायची कशी, आणि तेही एक ग्लास पाणी प्यायल्यावर, हे मला उमजेना.

"हो म्हना," बाजूनं बायको म्हणाली. "लय रडली."

"आजी?" नात चकित झाली. "तुला माहितीये? मग आता कुठं राहते ती?"

बायकोनं माझ्या हातातून फोन घेतला.

"कोहक्याले राह्यते," ती म्हणाली. "चांगलं घर हाय. पन झोप नाही लागत तिले अजून."