न हलणारा चहा

अलेक्झांड्रियात कोम-अल-दिक्काच्या चढावर उस्ता मुर्सीचं गॅरेज होतं. गॅरेज म्हणायचं आपलं. एक गंजलेलं शटर, एक लाकडी बाक आणि भिंतीवर खिळ्यांना टांगलेले पाने. पण त्याची कीर्ती सगळ्या चढभर होती. गाडी ट्यून झाली की तो समोरच्या दरवीशच्या कहवाखान्यातून काठोकाठ भरलेला चहाचा पेला बशीसकट मागवायचा आणि चालू इंजिनावर ठेवायचा. चहा हलला नाही तरच बॉनेट लागायचं. हलला तर पुन्हा स्क्रूशी झटापट. हे होईपर्यंत चहा निवून जायचा, मग तो मुर्सीच प्यायचा.

"जन्मभर गार चहा प्यालास," दरवीश म्हणायचा, "म्हणून डोकं एवढं तापतं तुझं."

गेल्या हिवाळ्यापासून मात्र मुर्सीला ऐकू येईनासं झालं होतं. ज्या माणसाने नुसत्या आवाजावरून कुठला प्लग काजळलाय ते सांगितलं, त्याला आता माणसांच्या ओठांकडे बघून बोलणं ओळखावं लागे. हे फक्त दरवीशला ठाऊक होतं. गिऱ्हाइकांना वाटे, उस्ता वयानुसार अबोल झाला. त्याचं जग कापसात गुंडाळल्यासारखं झालं होतं, आणि खरं सांगायचं तर ते त्याला अगदीच नकोसं वाटत नव्हतं. फक्त इंजिन सुरू झालं की जीव तुटायचा. आता त्याला सांगणारा एकच उरला होता, तो पेल्यातला चहा.

मोठं वादळ होऊन गेल्यावर समुद्र मऊ पडतो, ऊन दुधासारखं होतं, तशा एका सकाळी सित्त इन्साफ गॅरेजात आली. चार घरं वर, तिसऱ्या मजल्यावर राहणारी, हिल्मी अफंदीची विधवा. तिच्या बोटांची टोकं हिरवी झाली होती, सकाळभर पाला चिरत बसल्यासारखी.

"उस्ता, आमची गाडी चालू करून द्या," ती म्हणाली. "विकलीय ती. उद्या दमनहूरचा माणूस न्यायला येतोय."

"सित्त, तिच्यात मांजरींनी संसार थाटलाय. अफंदी गेल्यापासून ताडपत्री कुणी उचलली का?"

"मी नाही उचलली. धीर झाला नाही. चालू करा म्हणजे नुसती चालू नव्हे. संध्याकाळी खालच्या कोपऱ्यापासून घरापर्यंत आणा. मी डोळे मिटून ऐकणार आहे. तो यायचा तेव्हाचा आवाज मला एकदा ऐकायचाय. कोपऱ्यावर गाडी वाजली की मी मुलुखियाच्या पातळ भाजीला लसणाची फोडणी द्यायचे. एक दिवस चुकले नाही. शंभर गाड्या जाऊ देत, आमची मला कळायची. तो गेला, तेव्हापासून मी लसूण सोललेला नाही."

मुर्सीने हो म्हटलं आणि भिंतीवरचा पाना काढला. आवाज मागत होती बाई, आणि तोही त्याच्याकडे.

दुपारभर तो त्या जुन्या फियाटमध्ये डोकं घालून होता. मांजरीची तीन पिल्लं काढून दरवीशच्या साखरेच्या खोक्यात ठेवली. टाकीतलं आंबलेलं पेट्रोल उपसलं. प्लग घासले, पॉइंट घासले, त्यांच्यातली फट सिगारेटच्या पाकिटाचा पुठ्ठा घालून बसवली, कार्ब्युरेटर खोलून त्याची बारीक भोकं फुंकून साफ केली. हात चालत होते आणि मन कुठेतरी तरंगत होतं. हिल्मी अफंदी बंदरातला कारकून, बारीक मिशांचा, हसरा. दर मोसमाला गाडी आणायचा. मुर्सी ती आरशासारखी लख्ख ट्यून करून द्यायचा. आणि पुढच्या वेळी गाडी आली की कार्ब्युरेटरचा स्क्रू हटकून फिरलेला! पेला ठेवला की चहा डावीकडून बशीत सांडायचा.

"या स्क्रूला कुणी हात लावला, अफंदी?"

"कोण लावणार? वाऱ्याने फिरला असेल, उस्ता."

मुर्सीला खात्री होती, हा दुसऱ्या कुणा उस्ताकडे जातो. तोंडावर गोड बोलतो आणि मागून जातो. ही सल त्याने इतकी वर्षं जपली, की अफंदीच्या मयतीलाही तो मागच्या रांगेत उभा राहिला होता.

असरची, दुपार कलतानाची अजान झाल्याचं रस्त्यावरच्या हालचालीवरून कळलं, तेव्हा इंजिन सुरू झालं. मुर्सीने तळहात टेकवला, स्क्रू केसभर इकडे, केसभर तिकडे केला. दरवीशने पेला आणला. चहा स्तब्ध. त्यात कहवाखान्याची पाटी उलटी दिसत होती. मुर्सीने समाधानाने बॉनेट लावलं आणि गाडी कोपऱ्यापासून घराखाली नेली.

बाल्कनीत सित्त इन्साफ डोळे मिटून उभी होती. गाडी थांबली तरी तिने डोळे उघडले नाहीत. मग उघडले, खाली वाकून बघितलं, काहीतरी बोलली आणि हात हलवला. नाही.

"काय म्हणतेय?" मुर्सीने मागोमाग आलेल्या दरवीशला विचारलं.

"म्हणतेय, ही कुणा दुसऱ्याची गाडी आहे," दरवीश त्याच्याकडे तोंड करून सावकाश बोलला. "म्हणे, त्याची उचकी द्यायची. तीनदा नीट आणि चौथ्यांदा उचकी."

"उचकी? माझ्या हातची गाडी उचकी देते?"

"माझ्यावर कशाला डाफरतोस? तिला विचार."

मुर्सीने बॉनेट उघडलं आणि प्रथमच तो स्क्रू नीट निरखून पाहिला. त्याच्या खाचेत त्याचा पेचकस बसायचा तो मधे, अरुंद. पण खाचेच्या दोन्ही कडा बाहेर झिजल्या होत्या, रुंद आणि गोलसर. हे पेचकसाचं काम नव्हतं. त्याने खिशातून दहा पियास्तरचं नाणं काढून खाचेत धरलं. घरचं कुलूप किल्लीला ओळखावं, तसं ते बसलं.

दुसरा उस्ता वगैरे कुणी नव्हताच. इथून गाडी घेऊन निघाल्यावर अफंदी खालच्या कोपऱ्यावर थांबायचा, बॉनेट उघडायचा आणि खिशातल्या नाण्याने मुर्सीची सगळी मेहनत थोडीशी बिघडवायचा. शंभर गाड्यांमध्ये बायकोला आपली कळावी म्हणून. मुर्सीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. एवढ्या चांगल्या माणसावर आपण किती वर्षं रुसून बसलो!

"दरवीश, चहा आण. काठोकाठ."

"आता कशाला?"

"आण म्हणतो ना!"

उचकी त्याला ऐकू येणार नव्हती. पण अफंदीच्या गाडीवरचा चहा त्याच्या डोळ्यांना पाठ होता. त्याने पेला ठेवला आणि नाण्याने स्क्रू फिरवायला लागला. जिवावर येत होतं. सगळ्या आयुष्यात त्याने गाडी बिघडवली नव्हती. चहा शहारला. अजून थोडं. काठावर एक वलय उठलं. अजून अगदी थोडं, आणि चहा डावीकडून निसटून बशीत पडला. तीन वेळा थरथर, मग एक थेंब. मुर्सीने हात काढून घेतला. सांडणाऱ्या चहासमोर त्याने आयुष्यात पहिल्यांदा बॉनेट लावलं.

तो पुन्हा खालच्या कोपऱ्यावर गेला आणि हळूहळू चढ चढू लागला. ऊन पिवळं झालं होतं. हातातलं स्टिअरिंग मधूनच दचकत होतं. घराखाली येऊन त्याने वर बघितलं.

बाल्कनी रिकामी होती.

ऐकायलाही थांबली नाही. कंटाळून आत गेली बिचारी. आता कुठल्या तोंडाने वर जायचं?

तेवढ्यात वास आला. तुपात लाल होणाऱ्या लसणाचा आणि धण्यांचा तो वास तिसऱ्या मजल्यावरून उतरला, वाळत घातलेल्या चादरींतून वाट काढत गाडीच्या खिडकीतून आत शिरला. दरवीश धावत आला, खिडकीत वाकला.

"ओढला रे तिने श्वास! मुलुखियावर फोडणी ओतताना आपल्याकडे बायका मोठ्याने आत ओढतात ना, तो! इथवर ऐकू आला. ऐकलास का?"

"ऐकला," मुर्सी म्हणाला.

त्याने खिडकीची काच पूर्ण खाली केली आणि डोळे मिटून बसून राहिला. गाडी उचक्या देत राहिली. "अरे, बंद कर आता, पेट्रोल जळतंय!" असं दरवीश ओरडत होता. मुर्सीला ते ऐकू आलं नाही, आणि आलं असतं तरी त्याने बंद केली नसती.