टीव्हीसमोरची मीठ-मोहरी

मागच्या सुट्टीत आजीकडे आलात तेव्हा तुम्ही दोघं म्हणाला होतात, की आपल्या मालिकांतला खलनायक पहिल्या दिवसापासूनच वाईट असतो. एक भुवई वर, मागे ढोल, आणि गडगडाटी हसणं. मी तेव्हा मान डोलावली होती. तो होकार आता मागे घेते, आणि का घेते ते क्रमाने सांगते.

आपल्या वरच्या मजल्यावरचा भाडेकरू शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत पॅटर्नमेकर होता. लोखंडाची वस्तू ओतायच्या आधी ती हुबेहूब लाकडात करतात, वाळूत दाबून तिचा साचा घेतात, मग लाकूड अलगद काढून त्या पोकळीत लोखंड ओततात. लाकडाची ती वस्तू करणारा हा माणूस. वय बेचाळीस, लग्न केलेलं नाही, सोबत आई. ती चंदगडकडची, आणि सगळी गल्ली तिला आक्का म्हणते. सुट्टीच्या दिवशी तो हौशी नाटकात कामं करायचा आणि पाठांतर म्हणून दाखवायला माझ्याकडे येऊन बसायचा. मी कॉलेजात शिकवलेलं, म्हणून त्याच्यासाठी मी ‘बाई’.

गेल्या वर्षी त्याला मालिकेत काम मिळालं. मालिकेचा नायक आकाशात उडतो आणि तळहाताने गोळ्या अडवतो. त्याच्या जखमा गुपचूप शिवणारा सरकारी दवाखान्यातला डॉक्टर म्हणजे आमचा भाडेकरू. हा भला डॉक्टरच पुढे खलनायक व्हायचा होता. दिग्दर्शकाला तो चौथ्या भागात बदलून हवा होता. एक स्फोट, एक किंकाळी, डोळ्यांत काजळ, झालं. याने मात्र नऊ भाग मागितले. दिले, पण अट घातली: नवव्या भागापर्यंत प्रेक्षक हादरले नाहीत तर डॉक्टरला मारून टाकू आणि नवा खलनायक आणू. फाउंड्रीतली नोकरी तर त्याने सोडून दिली होती.

मुंबईला निघायच्या आदल्या दिवशी तो खाली आला. मी विचारलं, नऊ भागांत करणार काय? मी तीस वर्षं इंग्रजी साहित्य शिकवलं, चांगल्या माणसाचं पतन फळ्यावर पायऱ्या काढून समजावलं. मला वाटलं, तसंच काही सांगेल. त्याने पिशवीतून एक लाकडी ठोकळा काढून माझ्या हातात दिला.

“कडंवर बोट फिरवा बाई. सरळ हाय का?”

मी सरळ आहे म्हटलं.

“न्हाय. टेपर हाय. खाली जरा निमुळता केलाय. टेपर दिला न्हाय तर वाळूतनं काढताना साचा मोडतोय. आणि डोळ्याला दिसला, तर जास्त झाला.”

दर भागात डॉक्टरला एवढाच टेपर द्यायचा, असं त्याने ठरवलं होतं. मग जमलं की नाही हे कळणार कसं, असं मी विचारलं, तेव्हा त्याने वरच्या मजल्याकडे बोट केलं.

आक्का त्याच्या प्रत्येक नाटकानंतर त्याची दृष्ट काढायची. मीठ, मोहरी, लाल मिरच्या मुठीत धरून त्याच्यावरून उतरवायची. त्याने दारुडा केला, दरोडेखोर केला, तरी एकदाही चुकवलं नाही. सोंग ते सोंग आणि पोरगं ते पोरगं, हे तिच्या डोक्यात पक्कं होतं. आता पोरगं टीव्हीत दिसणार, म्हणजे ती टीव्हीचीच दृष्ट काढणार. त्याने मला बजावलं, की ज्या दिवशी ती काढणार नाही त्या दिवशी फोन करा, आणि मन राखायला खोटं सांगू नका.

तुमच्या बाबांनी पाठवलेला मोठा टीव्ही माझ्याकडे असल्याने दर शनिवारी सातला आक्का मूठ बांधूनच खाली यायची. भाग संपला की उठून टीव्हीसमोर तीनदा मूठ फिरवायची. “आल्यागेल्याची, शेजारणी-पाजारणीची,” असं पुटपुटताना ‘शेजारणी’ या शब्दापाशी माझ्याकडे बघायची. नायकाशी तिचं जमलं नाही. “ह्यो नुसता उडतोय,” म्हणायची. “काम सगळं माझं पोरगं करतंय.”

मी वही ठेवली होती. पहिल्या भागात डॉक्टर कोपरापर्यंत हात धुतो, सावकाश, बोटांच्या बेचक्यांतूनसुद्धा. एक बाई पाया पडायला वाकते तेव्हा तो संकोचून पाय मागे घेतो. तिसऱ्या भागात नायकासाठी रक्ताची शेवटची पिशवी राखून ठेवतो आणि दुसऱ्या रुग्णाच्या भावाला रक्त संपलं असं सांगतो. नायकाने त्या दिवशी अख्खी बस वाचवलेली असते, त्यामुळे मलाही ते पटलं. पाचव्यात एका मरणाऱ्या माणसाला, न विचारता, नायकाच्या रक्तापासून केलेलं औषध टोचतो. माणूस वाचतो. त्याची बायको पाया पडते, आणि डॉक्टर पाय मागे घेत नाही. सातव्यात हे सगळं पाहिलेल्या नर्सची बदली करवतो आणि निरोपाचा चहा स्वतः तिच्या हातात देतो. हात धुणं तोवर नळाखाली बोटं धरण्याइतकं उरलेलं होतं.

हे मला वही चाळताना उमगलं. बघताना यातलं काहीच खटकलं नव्हतं. आक्काला तर दरवेळी कारण सापडायचं. नर्स आगाऊ होती, रक्त थोडंच होतं. वहीत प्रत्येक भागाखाली एकच नोंद: दृष्ट काढली.

नवव्या भागात डॉक्टर दवाखान्यात स्वतःसाठी पेल्यात पाणी ओततो आहे. आतल्या खोलीतून एक म्हातारी रुग्ण हाक मारते, “बाळा, घोटभर पाणी दे.” तो तिच्याकडे बघतो. चेहऱ्यावर राग नाही, काहीच नाही. पाणी स्वतः पितो, घड्याळ बघतो, आणि तिच्या खोलीचं दार ओढून घेतो. हळूच, कुणाची झोप मोडू नये तसं.

भाग संपला. आक्का बसून राहिली. मूठ मांडीवर तशीच होती. मी टीव्ही बंद केला तरी ती उठली नाही. मग म्हणाली, “पाणी मागत हुती की ओ, बाई.” आणि जिना चढून गेली.

मी फोन केला. आज दृष्ट काढली नाही, एवढंच सांगितलं. मग त्याने विचारलं, आईला डुलकी तर लागली नव्हती ना? नाही म्हटलं. मूठ आणली होती का? आणली होती, आणि तशीच परत नेली, म्हणून सांगितलं. पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला आणि त्याने फोन ठेवला.

पुढच्या रविवारी तो आला, तो फाटकातूनच सांगत आला, की दिग्दर्शकाने डॉक्टरला शेवटच्या भागापर्यंत ठेवलं आहे. आक्का जिन्याच्या तळाशी मूठ बांधून उभी होती. तिने त्याला उंबऱ्याबाहेरच थांबवलं.

तो म्हणाला, “आई, ते खोटं असतंय.”

“ठावं हाय मला. त्या डाक्टरची काढणार न्हाय मी, कदी न्हाय. तुझी काढती. हल जरा उजेडात.”

तीनदा उतरवून तिने मूठ अंगणातल्या शेगडीच्या निखाऱ्यांवर टाकली. तुम्हाला ठाऊक नसेल म्हणून सांगते: निखाऱ्यावर मिरची जळली की घरभर ठसका उठतो. ठसका उठला नाही, तर दृष्ट जबर लागलेली होती असं समजतात. आम्ही तिघं वाकून वाट बघत राहिलो. मोहरी तडतडली, मिरच्या काळ्या झाल्या. कुणालाच खोकला आला नाही.

आक्का कमरेवर हात ठेवून माझ्याकडे वळली. तिचा चेहरा फुलला होता.

“बघा बाई,” ती म्हणाली, “किती लोकांनी बघितलंय ह्याला.”